पायऱ्यांवर खाल्लेला नारळ

तुमच्या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं वाचत आले ते खोट काढायला, हे आधीच सांगून टाकते. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला बंद खोलीतून हाक येते... मी पेन्सिल घेऊन बसायचे आणि समासात 'पुरावा?' असं लिहायचे. आज त्याच जागी माझा मजकूर छापून येणार असेल तर तुम्हीही पेन्सिल घेऊन बसा. माझी हरकत नाही.

मी भोईवाड्यात वाढले. आमच्या घरात देव्हारा नव्हता, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता आणि कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे. गिरणी गेल्यावर पप्पा एका छापखान्यात लागले. तिथल्या उरलेल्या कागदावर ते बुवाबाजीविरोधी पत्रकं छापून आणायचे आणि मी जोडाक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. चौकात कुणी उतारा ठेवलेला दिसला की पप्पा आम्हा पोरांना हाक मारायचे. आम्ही त्यातल्या लिंबाचं सरबत करायचो, नारळ फोडून खायचो, आणि बघायला जमलेल्या लोकांना पप्पा पत्रकं वाटायचे. कधी कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. म्हणजे पुढे जे सांगणार आहे त्यात मी काही शौर्य केलं नव्हतं. मला सवय होती.

माझी मोठी बहीण करुणा, तिचं लग्न लालबागच्या एका मालवणी घरात झालं. लव्ह मॅरेज. आमच्याकडचे आणि त्यांच्याकडचे, दोन्ही बाजूंचे लोक वर्षभर फुगून होते, मग निवळले. महेश भाऊजी माणूस चांगला, पण आईपुढे आवाज फुटत नाही. त्यांच्या आईला मी काकी म्हणते. (सगळी नावं बदलली आहेत.)

ताईला सातवा महिना लागला होता. त्याआधी दोन वेळा तिला दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नव्हता. या खेपेला डॉक्टरांनी बजावलं होतं — जिने, धक्के, प्रवास, सगळं बंद. आणि नेमकं तेव्हाच काकींनी बेटाचा विषय काढला.

त्यांच्या घरात एक रीत आहे. काकींचे आजेसासरे कोकणातून मुंबईला येत असताना त्यांचं गलबत बंदराच्या तोंडाशी फुटलं आणि ते एका बेटाच्या मागच्या बाजूला, कातळात खोदलेल्या जुन्या पायऱ्यांवर फेकले गेले. जीव वाचला म्हणून नवस बोलले. तेव्हापासून त्या घरातली, आणि हळूहळू त्यांच्या वाडीतून आलेल्या इतर घरांतलीही, प्रत्येक सून सातव्या महिन्यात ओहोटीला त्या पायऱ्या उतरते, तिथे नारळाचा मान ठेवते आणि त्या मानातला खोबऱ्याचा तुकडा तिथेच बसून खाते.

बेटाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी तिथे नारळांचा ढीग पडेल. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने जायचं, पुढे छोटी होडी, एवढं पुरे.

मी लालबागला जाऊन भांडले. डॉक्टरांचे कागद दाखवले. काकी शांतपणे पोळपाट पुसत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, सुनेला जमत नसेल तर तिच्या माहेरचं माणूस गेलं तरी चालतं, पण ते बाईमाणूस हवं. मी म्हटलं, मी जाते. खोबरंच खायचं ना? लहानपणापासून तेच करत आलेय.

"खा," काकी म्हणाल्या. "आणि आल्यावर हंय माझ्यासमोर जेव. पानातला सगळा संपव. संपवलंस तर करुणाक न्हेवचंय नाय."

मला हसू आलं. काकींच्या हातचं जेवण ही काय अट झाली?

तर एका शनिवारी मी आणि भाऊजी निघालो. मी सकाळी ब्रेड-ऑम्लेट आणि चहा घेतला होता, बाकी काही नाही. हे लक्षात ठेवा. नारळ लालबाग मार्केटमधला, मीच घासाघीस करून घेतलेला.

बेटाच्या पुढच्या बाजूला धक्का आहे, टपऱ्या आहेत, काकडी विकणाऱ्या बायका आहेत. मागच्या बाजूला रस्ताच नाही. समुद्राच्या कडेने, ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांवरून वळसा घालायचा. खडकांना कालवं चिकटलेली, सुरीसारखी. दोन खडकांच्या मध्ये पाऊल गेलं की घोट्यापर्यंत काळा चिखल. आणि घाण... मुंबई जे जे धुऊन टाकते ते सगळं इथे येऊन थांबतं. थर्माकोलची मखरं, डायपर, औषधांच्या पट्ट्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून सोडलेलं निर्माल्य, डांबराचे गोळे, फुगलेले मासे. उन्हाने सगळ्याला वाफ येत होती. मी नाकाला ओढणी बांधली. ज्या जागेला पवित्र म्हणून गर्भार बायकांना आणतात ती जागा ही.

एक सुळका ओलांडल्यावर पायऱ्या दिसल्या. त्या सुंदर होत्या, हे कबूल केलं पाहिजे. काळ्या कातळात सरळ खोदत खाली पाण्यापर्यंत नेलेल्या, मधोमध झिजून पसरट वाटीसारख्या झालेल्या. वरच्या टोकाला पाण्याचं एक फुटकं टाकं होतं, लेण्यांमध्ये भिक्खूंनी खोदलेलं असतं तसंच. भाऊजी म्हणाले, पांडवांनी खोदल्या म्हणतात. मी म्हटलं, पांडवांना महाराष्ट्रात दुसरं काम नव्हतं का? ते हसले. ते शेवटचं हसणं.

पायऱ्यांवर लिंबं, कुजलेले नारळ, कुंकवाचा बुळबुळीत लगदा, भिजून शेवाळलेले खण, कोंबडीचा एक पाय. मला किळस आली आणि त्याहून जास्त संताप आला. ज्यांनी हे खोदलं असेल त्यांनी माणसांना प्रश्न विचारायला शिकवलं, आणि आपण त्याच्यावर कोंबड्या कापतो! शेवाळामुळे मी स्वतः दोनदा घसरले. सात महिन्यांचं पोट घेऊन ताई इथे, या कल्पनेनेच मला घाम फुटला.

खालच्या पायरीवर भाऊजींनी नारळ फोडला. एक भकल मी घेतलं, एक त्यांनी. खोबरं पांढरंशुभ्र होतं, पाणी गोड होतं. मी मुद्दाम मोठा तुकडा तोडला, चावला, गिळला.

मग चव आली.

कशी सांगू? मासळी बाजारातलं गटार उन्हात तापलं तर जसा वास येईल तो वास, पण जिभेवर. मी भाऊजींकडे पाहिलं. ते आपला तुकडा आरामात चघळत होते. त्यांनी विचारलं, काय झालं, आणि मला उलटी झाली.

पहिल्यांदा जे पडलं ते खोबरं नव्हतं. भात होता. शिजवलेला, गुलालाने लाल झालेला, आंबलेला भात. मूठभर नव्हे... येतच राहिला. सकाळच्या ब्रेडचा, अंड्याचा मागमूस नाही. भाऊजी माझं डोकं धरून उभे होते. भातानंतर घशात काहीतरी टोचलं. मी दोन बोटं घालून ते बाहेर ओढलं. बांगडीचा तुकडा. हिरव्या काचेची बांगडी, डोहाळजेवणाला भरतात ती. त्यामागून आणखी तुकडे आले. तोंडात कुठे साधा ओरखडाही नाही, रक्ताचा थेंब नाही. मी बांगड्या घालत नाही. आणि त्या पायऱ्यांवरच्या सगळ्या घाणीत मी नीट पाहिलं, बांगडी एकही नव्हती.

लाट आली आणि ते सगळं घेऊन गेली.

होडीत मी भाऊजींना एवढंच सांगितलं की हे घरी कळलं तर तुमची आई उद्या ताईला घेऊन निघेल. त्यांनी मान हलवली. लालबागला पोहोचेपर्यंत ते माझ्या शेजारून हलले नाहीत.

काकींनी पान मांडून ठेवलं होतं. कोंबडी-वडे, उसळ, सोलकढी. सगळ्यात खोबरं. ताई समोर पाय लांब करून बसली होती, पोटावर हात. तिला वाटत होतं मी पैज जिंकून आलेय. मला टाळी दिली, म्हणाली, "काय गं, खाल्लंस ना? झालं समाधान?"

मी पहिला घास घेतला. तीच चव. रश्श्याला, वड्याला, साध्या पाण्यालाही. मी ताईच्या पोटाकडे बघत चावत राहिले. घशाशी आलेला घास परत गिळणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा म्हटलं, तिखट आहे. भाऊजी खिडकीबाहेर बघत होते. काकी माझ्याकडेच बघत होत्या.

अर्धं पान संपलं असेल. काकींनी ताईला बाहेरच्या खोलीत पाठवलं आणि भाऊजींनाही तिच्यामागे. मग माझ्या पानापुढे बसून हळू आवाजात विचारलं,

"काच निघाली काय गो?"

माझा हात पानातच थांबला.

"हिरवी?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"माझी पण. महेशाच्या येळेक." त्यांनी माझं पान उचललं आणि उरलेलं सगळं पातेल्यात ओतलं. "सासू म्हणाली, पोराची पीडा निघाली. मी गप बसलंय. तेव्हापासून खोबरा तोंडात घातलेला नाय. वाटतंय, शिजवतंय, सगळ्यांका वाढतंय."

मालवणी बाई. आयुष्यभर रोज खोबरं वाटणारी. मी विचारलं, मग काकी, ताईला का नेत होता तिथे?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जणू उत्तर इतकं साधं आहे की मला कसं सुचलं नाही.

"माका न्हेला हुता म्हणान."

मग त्या उठल्या आणि बाहेर जाऊन मोठ्याने सांगितलं की पोरगी नीट जेवली, पान चाटून पुसून संपवलं, करुणाला न्यायची गरज नाही. मी मोरीत तोंड धुवत ते ऐकत होते. मला हवं तेच झालं होतं, पण एकाही पत्रकातल्या कारणाने झालं नव्हतं.

ताईला मुलगी झाली, दोघी ठणठणीत आहेत. माझ्या तोंडातली घाण काही आठवड्यांनी गेली. खोबरं मात्र अजून घशाखाली उतरत नाही. परळच्या एका डॉक्टरांकडून मी दुर्बीण घालून तपासून घेतलं, आत काहीच सापडलं नाही. एक मैत्रीण मानसोपचार शिकतेय, ती म्हणाली, मनावर ताण होता, आधीच किळस बसली होती. पटलं. चवीचं पटलं. पण भात कुठून आला? काच कुठून आली? ती भाऊजींनी पाहिली, आणि ते शपथेवर सांगतात की आईला एक शब्द बोलले नाहीत. त्याच नारळाचं दुसरं भकल खाऊन त्यांना ढेकरसुद्धा आला नाही. तिथे काही असलंच, तर तेही बायकांनाच छळतं, याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

भूत आहे असं मी म्हणत नाही. मला उत्तर माहीत नाही, एवढंच म्हणते. पप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जसं झालं तसं लिही. आपल्या सोयीचं नाही म्हणून लपवलंस तर आपल्यात आणि बुवांत फरक काय?"

लिहिण्याची घाई यासाठी की काकींच्याच मजल्यावरच्या एका घरात सून पाच महिन्यांची आहे आणि तिच्या सासूने होडीवाल्याशी बोलणं सुरू केलंय. मी पत्रक घेऊन गेले, त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. काकींना विचारलं, हे छापायला देऊ का? म्हणाल्या, नाव बदल आणि दे. ती सासू हे सदर वाचते, मला माहीत आहे. मावशी, तुमच्यासाठी दोनच वाक्यं. तिथे काही नसेल तर त्या नुसत्या शेवाळलेल्या पायऱ्या आहेत, पोरगी घसरून पडेल, नेऊ नका. आणि तिथे काही असेल, तर ते काय आहे हे मला अजून कळलेलं नाही, पण ते माझ्या तोंडात होतं... नेऊ नका.