सिंधूचा घोडा

सिंधूला मी हरवलं नव्हतं. आज ती गेली, म्हणून आता तरी सांगते.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. धुळ्यात मुलींची जिल्हा बुद्धिबळ स्पर्धा. शेवटचा राउंड, जिंकेल ती पुण्याला स्टेटला जाणार.

मी धुळ्याची, क्लासला जाणारी.

सिंधू दोंडाईच्याची. आजोबांबरोबर, म्हणजे आबांबरोबर, एसटीने आलेली. आबा मिरचीच्या बाजारात कामाला. दुपारी तिथेच कापडी पट पसरून त्यांनी नातीला खेळ शिकवलेला. त्यांच्या सदऱ्यावरच्या मिरचीच्या खकाण्याने पंचसुद्धा शिंकत होते.

राउंडआधी आम्ही दोघी व्हरांड्यात डबा खात बसलो होतो.

“रशियात सगळे बुद्धिबळच खेळतात म्हणे,” मी म्हटलं.

तिने डोळे मिटले. “तठे बरफमा मिरच्या कश्या वाळाडत व्हतीन?”

मग बराच वेळ आम्ही दोघी रशियातच होतो. घंटा झाली तेव्हा परत आलो.

डावात तिचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. वजीर घेतला असता, तर दोन चालींत मी मात.

तिने अलगद घोडा उचलून ठेवला.

नियमाने मी बोलायचं नव्हतं. पण नियम नसता तरी बोलले नसते. मला पुणं हवं होतं.

मी जिंकले.

बाहेर आल्यावर साळसूदपणे विचारलं, “अगं, वजीर का नाही घेतलास?”

“ते घोडानं घर शे ना. मंग तठे घोडाच व्हई.”

देशी डावात तसंच असतं. प्यादं घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा, उंटाच्या घरात पोचलं तर उंट. आबांना तेवढंच ठाऊक होतं.

मी स्पर्धेचा नियम सांगितला: प्यादं कुठल्याही शेवटच्या घरात पोचलं तरी हवं ते मोहरं घेता येतं, वजीरसुद्धा. आबा पायरीवर बसले ते उठेचनात.

पुण्यात मी सातपैकी पाच डाव हरले. दहावी आली, पट कपाटावर गेला. पुढे जळगावात बँकेत लागले.

दहाएक वर्षांनी एका लग्नाला दोंडाईच्याला गेले, तेव्हा सिंधूकडे डोकावले. ओट्यावर सात-आठ मुली पट मांडून बसलेल्या, मध्ये ती.

“मला तेव्हाच कळलं होतं गं. मी गप्प बसले,” मी एकदाचं सांगून टाकलं.

ती हसली. “माले म्हाईत शे. भायेर येताच तू वजीरनंच इचारं.”

मग मुलींकडे वळून म्हणाली, “शेवटना घरमा पोचनात का घाई करू नका. पहिले इचारा, आठे काय काय व्हता येस.”

त्यातल्या दोघी पुढे स्टेट खेळल्या. तिने मला पत्राने कळवलं होतं. पत्रात शिकवणारे म्हणून आबांचंही नाव होतं.

अजूनही दुपारी डोळा लागला की तो हॉल दिसतो. पंखा फिरतोय, आणि शेवटच्या घरात पांढरा घोडा उभा आहे. मी वजीर उचलून तिच्या हातात द्यायला जाते, तेवढ्यात जाग येते.

नीट जा, सिंधू.

पुणं तुझं होतं गं. मी नुसती जाऊन आले.