आराशीतली बदकं

माझ्या नवऱ्याला जुन्या लाकडी बदकांचा नाद. शोभेची नव्हेत, शिकारीची. संस्थानाच्या काळात शिकारी ही हाताने कोरलेली बदकं तलावात सोडत. वरून जाणारा खरा थवा आपलीच मंडळी बसलीत असं समजून खाली उतरे आणि बंदुकीच्या टप्प्यात येई. ह्यांचे आजोबा शिकारखान्यात नोकरीला होते, काही बदकं त्यांची. बाकीची ह्यांनी जन्मभर भंगारवाल्यांकडून, पाडायला काढलेल्या घरांतून जमवली. अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाहुण्याला टेकायला जागा नाही आणि बदकं मात्र सोफ्यावर. मी पुष्कळ कटकट केली.

मग ह्यांना विसर पडायला लागला. आधी रस्ते, मग नातवंडांची नावं, मग अधूनमधून मीसुद्धा. बदकं मात्र पक्की. एखादं मांडीवर घेऊन, रंग उडालेल्या पाठीवरून बोट फिरवत सांगायचे, हा छर्ऱ्याचा खड्डा, हे सिरपूरच्या तलावावरचं, ही चोच आजोबांनी जोडलेली. तेवढा वेळ ते पूर्वीचे असत. तुकोगंजचे डॉक्टर म्हणाले, हे सोडू नका. म्हणून रोज दुपारी मी त्यांच्या हातात एक बदक द्यायची. आमच्यात तेवढंच उरलं होतं.

यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला आम्ही सुदामा नगरला, नणंदेकडे. आराशीत आरशाचा तलाव करायचा म्हणून तिने बदकं मागून नेली. देवीपुढे कळकट काही ठेवायचं नाही ही आमच्याकडची रीत. समया घासायच्या, पडदे बदलायचे. तिने बदकंही काचपेपरने घासली, खड्डे पुट्टीने बुजवले आणि वरून ऑइलपेंट दिला. हिरव्या माना, पिवळ्याधमक चोची.

"वहिनी, देखो तो सही! एकदम नई लग रही हैं ना? दादा बघून खूश होऊन जाईल."

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. पण तिच्या नखांत अजून हिरवा रंग होता. भावासाठीच केलं होतं सगळं. ओरडावं, रडावं, असं मला काहीच झालं नाही. पुरणपोळ्या लाटायच्या होत्या, त्या लाटल्या.

जेवणं झाल्यावर ह्यांना आराशीपुढे खुर्चीत बसवलं आणि एक बदक हातात दिलं. बोट पाठीवरून फिरलं, गुळगुळीत रंगावरून घसरलं, पुन्हा फिरलं. बराच वेळ शोधत होते. मग त्यांनी ते अदबीने मला परत दिलं.

"छान आहेत. कुणाची?"

नणंद माझ्याकडे बघायला लागली.

"आमच्या ह्यांची," मी म्हणाले.

"हौशी दिसतात. घरी आहेत का?"

"नाहीत," मी म्हणाले.