रबराचा कोयता

ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. आसाराम आणि दगडाबाई हाही टोळीतला असाच एक कोयता. पण त्यातली मूठ आसाराम आणि पातं दगडाबाई, हे मुकादमापासून ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आसारामलाही ठाऊक होतं आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. तो मोळ्या बांधायचा, गाडी भरायचा, आणि बायकोचा आवाज चढला की शांतपणे तंबाखू मळायला घ्यायचा.

बीडकडच्या लिंबागणेशहून थोडं आत त्यांचं गाव. दोन हजार सोळाचा उन्हाळा होता आणि पावसानं लागोपाठ दगा दिलेला. गावच्या दूध संस्थेत कॅन भरेनात, तेव्हा दूध नाही तर नाही, निदान जनावरं तरी जगावीत म्हणून संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली. जनावरं तिकडं गेली, त्यांच्यामागं माणसंही गेली. बारदान्याच्या सावलीत चुली मांडल्या गेल्या. आणि एवढं करून छावणीत चारा म्हणून काय यावं, तर ऊस!

"दिवाळीपासून कारखान्यासाठी तोडला, आता गाईसाठी तोडते," दगडाबाई म्हणायची. "माझ्या नशिबातनं हा काही हलत न्हाई." आणि बोलता बोलता ती दोन गाई आणि एका कालवडीपुढं उसाचे तुकडे असे पाडायची की शेजारची जनावरंही खायचं थांबून बघत राहायची.

असल्या बाईच्या घरात वादाला तोंड फुटलं ते लातूरमुळं. थोरली लेक रेणुका बारावी होऊन बसली होती, तिचा लातूरला नर्सिंगला नंबर लागला. आषाढाच्या आत हजर व्हायचं, तिथंच राहायचं. संस्थेच्या चेअरमननं पेढा वाटला, मुकादमानं फोन करून शाबासकी दिली. दगडाबाईनं पेढा खाल्ला आणि म्हणाली, "जायचं न्हाई."

तिला शिक्षणाचं वावडं नव्हतं. पोरीनं हातात कोयता धरू नये म्हणून तिनंच तिला दरसाल आजीजवळ गावात ठेवली होती. पण उघड्या माळावर पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहिलेल्या बाईला काही गोष्टी ठाऊक असतात. दगडाबाई कारखान्यावर कधी उशाशी कोयता घेतल्याशिवाय आडवी झालेली नव्हती. लातूरमध्ये पोरीच्या उशाशी कोण असणार? जिथं आपला हात पोचत नाही, तिथं लेक कशी पाठवायची? ती तसं बोलून दाखवत नसे. ती फक्त "जायचं न्हाई" म्हणायची आणि ऊस जरा जास्तच जोरात तोडायची.

त्याच सुमारास छावणीत गीताबाई आली. ही बीडची होमगार्ड, तिशीची, खणखणीत आवाजाची. छावणीत इतक्या बायका-पोरी राहतात तर त्यांना अंग सांभाळायचे चार डाव शिकवावेत, म्हणून संस्थेनं तिला बोलावलं होतं. दुपारी जनावरं रवंथ करीत बसली की टँकरजवळच्या मोकळ्या जागेत तिचा वर्ग भरायचा. पहिल्या दिवशी तिनं पिशवी उलटी केली तशा त्यातून काळ्या सुऱ्या पडल्या. दिसायला हुबेहूब, पण रबराच्या. टोक गोल, धार नाही, दाबलं की वाकायच्या.

दगडाबाईनं एक उचलून तळहातावर घासली. "हिनं भेंडी बी चिरायची न्हाई."

"चिरू नये म्हणूनच केलीय, मावशी," गीताबाई म्हणाली. मग तिनं सगळ्याजणींना समोर बसवून पहिला धडा दिला. "कुणाच्या हातात हत्यार दिसलं की काय करायचं? पळायचं. वाट असेल तर पळायचं आणि पळताना बोंब मारायची. वाटच नसली, धरलंच कुणी, तर मग बाकीचे डाव."

दगडाबाई एवढी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. "पळायला शिकवायला बीडहून बाई आणली गं! आमच्या कालवडीला बी येतंय ते. थांबा, खरा डाव मी दावते," असं म्हणून ती उठली आणि गोठ्यातनं आपला कोयता घेऊन आली.

गीताबाईनं हात आडवा केला. "सरावाला लोखंड चालायचं नाही. बोथट असलं तरी नाही. समोर खरं पातं असलं की पोरींचं सगळं ध्यान भ्यायातच जातं, डाव कोण शिकणार? आणि एक हात चुकला की दवाखाना. तुम्हाला सुरी नको ना? मग कोयता आणा, पण रबराचा."

दगडाबाईनं ते मनावर घेतलं. छावणीच्या तोंडाशी शहादेवचं पंक्चरचं दुकान होतं, तिथं जाऊन ती ठाण मांडून बसली. शहादेवनं ट्रॅक्टरच्या जुन्या टायरवर तिचा कोयता ठेवून खडूनं रेघ मारली, तसाच्या तसा आकार कापला, कडा कानशीनं घासून गोल केल्या आणि मुठीला ट्यूबची पट्टी गुंडाळली. मग स्वतःच्या नडगीवर तीन-चारदा मारून बघितला. "लागत न्हाई. फक्त लाज वाटते," त्यानं निर्वाळा दिला. वार कुठं लागला ते कळावं म्हणून गीताबाई सगळ्या सुऱ्यांच्या कडेला कपड्याची नीळ लावायची. कोयत्यालाही लावली.

आणि मग मजा सुरू झाली. गीताबाईनं शिकवलेले सगळे डाव पोटावर, छातीवर येणाऱ्या सुरीचे. दगडाबाईचा डावा हात मात्र समोरच्या बाईचं मनगट नाहीतर खांदा गच्च धरायचा, कंबर वाकायची आणि कोयता सपकन घोट्यावर! तिचं बघून टोळीतल्या बाकीच्या बायकाही तसंच करायला लागल्या. छावणीभर निळ्या घोट्यांच्या बायका हिंडू लागल्या. खुद्द गीताबाईच्या पांढऱ्या मोज्यांवर दोन्हीकडं निळे पट्टे आले.

"मावशी, माणूस पोटावर वार करतो. तुम्ही खाली कशाला जाता?" ती कळवळून म्हणाली.

"बुडातनं न्हाई तोडलं तर मुकादम बोंबलतो की!" दगडाबाईनं सांगितलं. उसाचा खरा गोडवा बुडख्यात, वर खुंट राहिला तर शिव्या खाव्या लागतात. इतक्या वर्षांत हाताला लागलेलं वळण रबर धरलं म्हणून थोडंच जाणार होतं!

गंमत अशी की घोट्यावरचा वार कुणालाच अडवता येईना. दगडाबाईची मान ताठ झाली. आणि त्याच तोऱ्यात एके दिवशी, रेणुकानं पुन्हा लातूरचा विषय काढल्यावर, ती सगळ्यांसमक्ष बोलून गेली, "अंगाला नीळ न लागता माझ्या हातनं सुटून दाव. ज्या दिवशी सुटशील, त्या दिवशी लातूरला जा. मी आडवी येणार न्हाई."

"बघ हां, माय," रेणुका म्हणाली.

"बघ काय? दगडाबाईची जबान हाय."

झालं, त्या दिवसापासून मायलेकींची रोज झुंज. रेणुका जिद्दीची. मनगट कसं पिळून सोडवायचं, कोपर कुठं मारायचं, सगळं ती गीताबाईकडून घोटून घ्यायची. पण आईनं एकदा धरलं की संपलं. उसाची पाचट ओढून ओढून त्या बोटांना जी पकड आली होती तिच्यातून सुटणं पोरीच्या आवाक्यातलं नव्हतं. रोज सपकन आवाज यायचा, रोज बाया हसायच्या आणि रेणुका टँकरच्या गळतीखाली पाय धुवायला जायची. नीळ काही धड निघत नसे.

"रेणुकाची माय, एकदा हरून बघ की," आसाराम तंबाखू मळता मळता म्हणाला.

"शहरातला गुंड हरून बघणार हाय का तिच्याशी?" दगडाबाईनं फटकारलं. पण पोरीचे निळे घोटे बघून तिला रोज वाईट वाटायचं, हेही खरं. जिंकत होती तीच आणि भाकरी गोड लागत नव्हती तीही तिलाच. मुद्दाम हरावं, असं मनात यायचं. मग वाटायचं, आपण खोटं हरलो आणि तिकडं खरंच काही झालं तर? म्हणून दुसऱ्या दिवशी ती आणखी घट्ट धरायची.

असं करता करता गीताबाईचा शेवटचा दिवस उजाडला. अख्खी छावणी टँकरजवळ गोळा झाली. शहादेव दुकान उघडं टाकून आला. दगडाबाईनं पदर खोचला, कोयत्याला ताजी नीळ लावून घेतली आणि लेकीसमोर उभी राहिली.

आज रेणुका कोयत्याकडं बघतच नव्हती. तिची नजर आईच्या डाव्या हातावर होती. तो हात नेहमीसारखा पुढं आला, बोटं मिटली, पण रिकामीच मिटली. रेणुका मागं उडी मारून वळली होती आणि "वाचवा, वाचवा" करत सुसाट पळत सुटली होती.

दगडाबाई कंबरेत वाकलेली तशीच राहिली. आजवर तिनं ज्याला हात घातला ते जागचं हललं नव्हतं. मग भानावर येऊन "आगं ए, थांब!" म्हणत तीही निघाली. गव्हाणींच्या मधून, पेंडीच्या पोत्यांना वळसा घालून, पाण्याच्या रांगेतल्या घागरी लवंडत मायलेकी धावल्या. कालवडीला वाटलं आपल्यालाच बोलावलंय, ती खुंटा उपसून मागं लागली. आसाराम मोळी उचलायला वाकला होता, तो नेमका मध्ये आला. दगडाबाईचा हात जुन्या वळणावर गेला आणि नवऱ्याच्या घोट्यावर निळा पट्टा उमटला.

"मी काय केलं?" तो म्हणाला. त्याच्याकडं बघायला कुणाला वेळ नव्हता.

छावणीच्या फाटकाशी दगडाबाईचा दम संपला. तिनं लिंबाच्या बुडाला बसकण मारली. रेणुका पलीकडं डांबरी सडकेवर, जिथं एसटी थांबते तिथं उभी होती. पाय धुळीनं भरलेले, पण निळा ठिपका कुठं नव्हता.

"इकडं ये," दगडाबाई धापा टाकत म्हणाली.

"आधी कोयता फेक, मग येते."

दगडाबाईनं कोयता फेकला. तोवर गीताबाई पळत आली. तिला बघताच दगडाबाई कडाडली, "हा काय डाव झाला? ही तर पळाली!"

"मी पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं, मावशी?"

रेणुका जवळ येऊन आईच्या पुढ्यात उकिडवी बसली. "माय, तू समद्यांना ऊस समजून धरतीस. ऊस पळत न्हाई. मला पाय हायती."

दगडाबाईनं लेकीच्या पायांकडं बघितलं आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले आणि ते तिनं लपवलं नाही. सगळी टोळी जिला थरथरते तिच्या हातातनं पोरगी आज सुटली होती, आणि आईनं काडीचीही ढील दिली नव्हती. मग ती लंगडत येणाऱ्या नवऱ्याकडं बघून ओरडली, "आवं, तंबाखू काय मळता? लातूरची गाडी कवा असती, इचारून या जरा!"

आषाढ लागायच्या आत तिघं त्याच सडकेवर उभे होते. रेणुकाच्या हातात नवी बॅग होती. एसटी आली, गर्दी दाराकडं धावली आणि दगडाबाईच्या डाव्या हातानं आपलं काम केलं. पोरीचं मनगट त्यानं गच्च धरलं. कंडक्टर ओरडू लागला. रेणुकानं हिसका दिला नाही, मनगट पिळलं नाही. ती आईकडं बघत नुसती उभी राहिली.

दगडाबाईनं बोटं सोडली. एकदम सुटेनात, तेव्हा एकेक करून सोडली.

"पळ, रेणे," ती म्हणाली. "खिडकीची जागा जाईल."