तातेराव पेंटरची भिंत

तातेराव पेंटर म्हणजे माझे वडील, आमचे आबा. जालना जिल्ह्यात त्यांना न ओळखणारा माणूस एक तर नवा असणार, नाहीतर त्याचं वाचनाशी वाकडं असणार. मी फार चढवून सांगते असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. असू दे. राजूरला गणपतीच्या रस्त्यावर पेढेवाल्यांच्या ज्या पाट्या होत्या, त्या आबांच्या हातच्या. परतूरच्या मोंढ्यात आडत दुकानांवरची नावं आबांची. अंकुशनगरच्या साखर कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागे दोन मोर काढायचे, तेही आबाच. मोर पुष्कळदा कोंबड्यांवर जायचे, ते मी कबूल करते. पण अक्षर असं की मोटारसायकलवरून भरधाव जाणाऱ्यालाही वाचता यावं.

त्यातलं आज काहीही शिल्लक नाही. दुकान विकलं गेलं की नवा मालक आपलं नाव लिहून घेतो. निवडणूक संपली की उमेदवारावर चुना फिरतो. आणि फ्लेक्स आल्यापासून तर आबांचे ब्रश डब्यातच वाळत पडले. दुसरा एखादा पेंटर यावर उरलेला जन्म कुरकुरत बसला असता. आबा बसले नाहीत, कारण त्यांच्याकडे एक भिंत होती.

आमची वस्ती ख्रिस्ती, राजूर रस्त्याच्या कडेला. वस्तीतली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. त्या देवळाच्या रस्त्याकडच्या भिंतीवर माझ्या आजोबांनी एक वचन लिहिलं होतं. देव काल होता तोच आज आहे आणि युगं सरली तरी तोच राहणार, असा त्याचा अर्थ. दर नाताळाच्या आधी भिंतीला चुना लागायचा आणि आबा ते वचन पुन्हा रंगवायचे. रिवाज असा की जुनं पुसायचं नाही, त्याच अक्षरांवरून ब्रश फिरवायचा. चुना लावायला आबांचे दोस्त मुबारकचाचा जालन्याहून यायचे. अक्षरांच्या कडेनं ते इतक्या जपून हात चालवायचे, की जणू झोपलेल्या लेकराच्या अंगावरून गोधडी सरकवतायत. वर्षानुवर्षांच्या रंगानं ती अक्षरं फुगून वर आली होती. वर रंगवायला शिडी लागावी एवढी ती मोठी, पण खालची बाजू पोरांच्या हाताला यायची; वस्तीतली सगळी पोरं त्यांवरून बोट फिरवत वाचायला शिकली. मीही तशीच शिकले आणि आता परतूरच्या शाळेत इतरांना शिकवते.

लहानपणी मी आबांना विचारलं होतं, "देव बदलत न्हाई, तर मंग दरसाल रंग काहून द्यावा लागतो?"

"देवासाठी न्हाई गं, आपल्यासाठी," आबा म्हणाले. "उन्हानं अक्षर उडतं. माणसाच्या ध्यानातून बी तसंच उडतं."

माझी आई, दैवशाला, वारली ती नाताळाच्या आठवड्यातच. दुपारी माती दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबा डबा घेऊन भिंतीपाशी गेले. वस्तीत कुजबुज झाली, की काय दगडाचं काळीज आहे या माणसाचं. मलाही राग आला होता. मी तरातरा गेले आणि म्हणाले, "आबा, एक साल राहू द्या की." ते रंगवत होते आणि रडत होते. रंग आणि डोळे एकाच बाहीला पुसल्यामुळे तोंड निळं झालं होतं.

"ती गेली, घर बदललं, मी बी बदललो," ते म्हणाले. "आता त्यो बी बदलला असता तर मी कोणापाशी जाऊन रडलो असतो?"

मी डबा धरून उभी राहिले. त्या दिवसापासून मला त्या भिंतीचा अभिमान वाटायला लागला, आणि बापाचा त्याहून जास्त.

यंदा पावसाळ्यात आबांना लकव्याचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र सावरला नाही. शाळेत रजा टाकून मी माहेरी राहायला आले. भाकरी मी कुस्करून द्यायची आणि त्यांनी डाव्या हातानं खायची. याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. त्यांना एकच घोर लागला होता. नाताळ जवळ येऊन राहिला होता, आणि वचन कोण लिहिणार?

तिकडे आमच्या तरुण संघाला वेगळाच हुरूप आला. संघाचा सेक्रेटरी अपूर्व हा पोरगा गुणी, पण उत्साह आवरत नाही. त्यांनी ठरवलं, पेंटरबाबांना त्रास नको, आपणच देऊळ झकास करू. शहरातून कारागीर आणून त्यांनी भिंत खरवडून घेतली, गुळगुळीत गिलावा केला आणि वर बदामी प्लॅस्टिक पेंट मारला. देवळाच्या नव्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, तिथे फ्लेक्स लावायचं सुचवलं. दर वर्षी नवं वचन निवडायचं, कडेला कबुतरं आणि खाली पंचमंडळींचे फोटो. आबांना आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून हे सगळं आमच्यापासून लपवून ठेवलं होतं. आबा घराबाहेर पडत नव्हते आणि मी त्यांच्यापाशीच असायचे, म्हणून ते जमलंही. धक्का शब्दाचा अर्थ या पोरांना कुणीतरी नीट सांगायला हवा होता.

चुना लावायला नेहमीप्रमाणे मुबारकचाचा आले, ते बादली तिथेच टाकून आमच्या घरी. "मी आजवर अक्षरांना चुन्याचा थेंब लागू दिला न्हाई," ते म्हणाले, "आन् या लोकांनी बिलकुल साफ करून टाकलं." आबा उठले. आम्ही दोघांनी त्यांना धरून भिंतीपाशी नेलं.

तिथे अपूर्व, पाळकसाहेब आणि आणखी पाचसहा जण हसत उभे होते. आबांचा चेहरा पाहून हसू मावळलं. त्यांनी डाव्या हातानं भिंत चाचपली, जिथून पहिलं अक्षर सुरू व्हायचं तिथून शेवटापर्यंत. हाताला काहीच लागलं नाही. आजोबांचा हात, आबांचा हात, आई गेली त्या सालचा निळा रंग, सगळं खरवडून उकिरड्यावर गेलं होतं. माझं डोकं फिरलं. मी अपूर्वला नाही नाही ते बोलले, आणि त्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सगुणा, गप," आबा म्हणाले. "पोरांनी भिंत खरवडली. देवाला कोण खरवडणार हाय?"

मग मुबारकचाचांकडे वळून म्हणाले, "शिडी आण. डबा बी आण."

"पेंटर, हात चालत न्हाई तुझा."

"एक चालतो."

शिडीवर चढणं काही जमलं नसतं. मुबारकचाचांनी देवळातला बाक आणला, आबांना त्यावर उभं केलं आणि मागून कंबर धरली. माझ्याकडे डबा. आबांनी डाव्या हातात ब्रश घेतला आणि कोऱ्या भिंतीवर पहिली रेघ ओढली. ती भलतीकडेच गेली. दुसरी तिच्या मागे गेली. ज्या माणसानं उभा जन्म दोरी न धरता सरळ ओळ लिहिली, त्याची ओळ आता एखाद्या पायवाटेसारखी चढत उतरत चालली होती. कुठे रंग ओघळला, कुठे दोन अक्षरं एकमेकांना चिकटली. मधेच ते थांबायचे, धापा टाकायचे आणि पुन्हा सुरू करायचे. आबा वाकडं लिहितायत हे मला बघवत नव्हतं, आणि तिथून नजरही हलत नव्हती. वस्तीतली माणसं एकेक करून येऊन उभी राहिली. पुढच्या अक्षरांसाठी अपूर्वनं दुसरा बाक आणून जोडला.

दिवस कलला तेव्हा वचन पुरं झालं. आबा खाली बसले. पाळकसाहेब मनानं चांगले आहेत, ते हळूच म्हणाले, "बाबा, तुमची इच्छा होती, झालं. आता एखाद्या आर्टिस्टकडून हेच वचन नीट करून घेऊ का? अक्षर जरा..."

"वाकडं हाय," आबांनीच वाक्य पुरं केलं. "राहू द्या. माझा हात बदलला, हे लोकाला दिसू द्या. त्यो बदलला न्हाई, हे मंग वाचल्यावर कळल."

पाळकसाहेबांनी टोपी काढली. फ्लेक्सचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि मी जिवंत आहे तोवर निघणारही नाही.

नाताळाच्या उपासनेला जाणारे लोक त्या भिंतीपाशी थांबत होते. त्या वाकड्या अक्षरांना हात लावायला पोरांची गर्दी झाली होती, आणि रंग अजून ओला असेल म्हणून अपूर्व त्यांना हाकलत होता. तिकडून एक मोटारसायकलवाला आला, राजूरला जाणारा असावा. त्यानं गाडी हळू केली, मग थांबवलीच. एक पाय टेकून त्यानं ओठ हलवत ते वचन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि मग गेला.

"बघितलं का?" आबा मला म्हणाले. "आजवर लोक पळत्या गाडीवरून वाचत होते. आता थांबून वाचून राह्यले."