चार ओल्या गाठी

मार्चच्या शेवटच्या सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी चिखलदऱ्यातल्या बंगल्याचे राखणदार शेषराव मागच्या विहिरीत दोर सोडत होते. दोराला टोकाशी दगड आणि दर हातभर अंतरावर गाठ. उन्हाळी पाहुण्यांसाठी चारही खोल्यांच्या गाद्यांना ऊन दाखवून झालं होतं, माकडांनी सरकवलेली छपरावरची कवेलू नीट बसवून झाली होती. पाणी तेवढं मोजायचं राहिलं होतं.

दोर वर आला. चारच गाठी ओल्या होत्या. गेल्या मार्चमध्ये सात होत्या.

बंगल्याच्या मालकीण जुईलीताईंचा अमरावतीहून फोन आला. "काका, चारही खोल्यांचं बुकिंग घेऊ ना?"

"दोनच घ्या, ताई. चारी भरल्या तं मे लागेपर्यंत विहीर खडखडीत होते."

"टँकर मागवू की."

"मेमध्ये टँकर सांगूनबी चार-चार दिवस येत नाही."

"मग तुमचंही काम निम्मंच होईल. पगारही."

"मालूम आहे."

"बरं. दोन."

खालच्या वस्तीतली अकरा घरं उन्हाळ्यात याच विहिरीवर पाणी भरतात. त्यातलं एक शेषरावांचं.

पाण्याची गुंडी घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी सुंदराबाईंनी फोनच्या स्पीकरवरचं सगळं ऐकलं होतं. "निम्म्या पगारात घर चालते काय?"

"अन् विहीर आटली तं गुंडी घेऊन कोठं जाशीन?"

सुंदराबाईंनी बादली विहिरीत सोडली.

दुपारी शेषरावांनी दोन खोल्यांच्या गाद्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या. उद्यापासून विहिरीवरची बंगल्याची मोटर सकाळी आठनंतरच सुरू होईल. त्याआधी सहा ते आठ वस्ती पाणी भरेल.