होय म्हणा
एखादी वेबसाइट ‘तुम्ही माणूस आहात ना?’ असं विचारते, तेव्हा मला सोनिवलीत फ्लॅट विकणारा एक बिल्डर आठवतो आणि तोंड कडू होतं. वीसेक वर्षांपूर्वी अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात, थिनरच्या वासात, मी जुन्या कॉम्प्युटरवर चालणारा मेल सर्व्हर सांभाळायचो. कुणी भामटे पाठवणाऱ्याच्या जागी आमचा ईमेल पत्ता लावून जगभर फालतू जाहिराती पाठवत होते. बिल्डरने आपल्या इनबॉक्समध्ये येणारा असा कचरा अडवायला नवी सिस्टिम बसवली आणि ती अशा प्रत्येक मेलवर आम्हालाच विचारू लागली, ‘तुम्ही खरोखर माणूस असाल तर होय म्हणा.’ ‘होय’ आलं तरच ती तो मेल त्याच्यापर्यंत पोचवायची. त्या प्रश्नांच्या ढिगाखाली आमचा सर्व्हर बसला, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी अडकल्या. फोन केला तर म्हणाला, “बॉस, आपला इनबॉक्स एकदम क्लीन! तुमचं तुम्ही बघा ना.” साइटवरचं डेब्रिज शेजारच्या भातशेतात ओतणाऱ्या माणसाचाच तो तोरा. मग मीही एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्याच्या प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ कळवून टाकलं. दुसऱ्या सकाळी तो फोनवर किंचाळत होता, “एवढा कचरा आला कुठून?” म्हटलं, “तुमचाच आहे साहेब, घरपोच दिला.” आजही त्या चौकटीत टिक करताना वाटतं, हा प्रश्न त्यालाच विचारायला हवा होता.