मेले म्हणजे हसले

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी फळ्यावर पाच-सहा इंग्रजी वाक्यं लिहिलेली होती आणि प्रत्येकात मरण होतं. ‘आय ॲम डेड.’ ‘किल मी नाऊ.’ ‘माय मॉम इज गॉना मर्डर मी.’ शिकवणारी मुलगी जेमतेम पंचविशीची होती. ती म्हणाली, “यातलं कुणीही मरत नाहीये. आधी हे डोक्यात बसवा. मेले म्हणजे हसले. मारून टाका म्हणजे कंटाळा आला. आई जीव घेईल म्हणजे मार्क कमी पडले.”

मी ते वहीत उतरवून घेतलं. त्याआधी बरीच वर्षं मी नागपूरच्या एका मराठी दैनिकात भाषांतराच्या टेबलावर होतो. वृत्तसंस्थांची इंग्रजी बातमी यायची, ती मराठी करून पानाला द्यायची. अर्थसंकल्प, न्यायालयाचे निकाल, चक्रीवादळं हे इंग्रजी मला येत होतं. पुढे ते काम यंत्र करू लागलं आणि टेबल बंद झालं. वर्धा रोडवर, विमानतळाच्या पुढे, काचेच्या इमारतीत हे काम मिळालं. चौदा वर्षांच्या मुलांचं इंग्रजी मला येत नव्हतं.

काम असं होतं. परदेशातल्या शाळा विद्यार्थ्यांना संगणक देतात. त्यावर मुलं जे लिहितात ते एक प्रणाली चाळते आणि जीव, मरण, रक्त, दोरी असे शब्द दिसले की ती वाक्यं आमच्या पडद्यावर टाकते. आम्ही वाचायचं आणि तीनपैकी एक बटण दाबायचं. ‘काही नाही’, ‘पुन्हा पाहा’, ‘कळवा’. ‘पुन्हा पाहा’ म्हटलं की वाक्य ढिगाच्या तळाशी जातं आणि सवडीने दुसरं कुणी तरी उघडतं. ‘कळवा’ म्हटलं की शाळेत फोन वाजतो. आमची पाळी सकाळची, म्हणजे तिकडे रात्र. शाळा बंद. मग फोन पोलिसांना जातो आणि पोलीस त्या घराची घंटी वाजवतात. मूल ठीक निघालं तर आमच्या नावापुढे लाल खूण. तीन लाल झाले की काम संपलं.

विद्यार्थ्याचं नाव दिसत नसे. मुलगा की मुलगी, तेही कळत नसे. फक्त इयत्ता आणि मजकूर.

घरी मुलगी अकरावीत होती. तिची मी शिकवणी लावली, म्हणजे तिच्याकडे मीच शिकायला बसू लागलो.

“बाबा, कॅप म्हणजे थाप. नो कॅप म्हणजे आईशप्पथ.”

“टोपीचा काय संबंध?”

“काही नाही. विचारू नका ना प्रत्येकाचं कारण. घोस्ट केलं म्हणजे बोलणं टाकलं, उत्तरच दिलं नाही. कुक्ड म्हणजे आपलं आता काही खरं नाही. पेपर अवघड गेला की कुक्ड.”

“आणि आय ॲम डन?”

“ते अवलंबून आहे. होमवर्क झाला, तरी डन. मैत्रिणीचा राग आला, तरी डन. टोनवरून कळतं.”

“लिहिलेल्यात टोन कुठे दिसतो?”

“दिसत नाही हो. कळतो.”

ती हे सगळं हसत सांगत होती आणि मी ते भीतीने लिहून घेत होतो. बातमीत शब्द चुकला तर दुसऱ्या दिवशी चौकटीत खुलासा छापता येतो. इथे खुलाशाची सोय नव्हती.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर काटोलचा एक जुना वार्ताहर होता. संत्र्याचे भाव, बसचे अपघात, पुढाऱ्यांचे सत्कार यांच्या बातम्या तो आमच्याच दैनिकाला पाठवायचा. इथे येऊनही त्याला कशाची भीती वाटत नव्हती.

“आपल्याकडं पोरं ‘मेलो गा’ म्हणतेच ना दिवसभर,” तो म्हणायचा. “त्याले कोणी पोलीस पाठवते काय? या लोकायले कामं नाई.”

“आपण पगार घेतो ना त्याचा?”

“तेच तं म्हणून राहिलो. त्यायले कामं नाई म्हणून आपल्याले काम हाय.”

तो भराभर ‘काही नाही’ दाबायचा आणि मला ते जमायचं नाही. दैनिकात आमच्या टेबलाचा एक नियम होता: माणूस गेल्याची बातमी दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय पानाला सोडायची नाही. जिवंत माणसाला श्रद्धांजली छापली गेली तर सकाळी सर्वांत आधी त्याचाच फोन येतो, असं आमचे वृत्तसंपादक सांगत. खात्री होईपर्यंत बातमी थांबवून ठेवायची. ती सवय हातात मुरलेली होती. शंका आली की मी ‘पुन्हा पाहा’ दाबायचो. पहिल्या महिन्याअखेर पर्यवेक्षिकेने माझं कौतुक केलं, एकही लाल नाही म्हणून. ही पर्यवेक्षिका म्हणजे फळ्यावर मरण लिहिणारी तीच मुलगी. त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. थांबवलेल्या प्रत्येक वाक्यामागे एक मूल होतं आणि ते तळाशी जाऊन पडलेलं होतं.

त्यानंतर मी थांबवणं कमी केलं. दोन लाल आले. एका मुलाने गाण्याची ओळ लिहिली होती, ती मी खरी धरली. दुसऱ्याने खेळात हरल्यावर रागाने लिहिलं होतं. दोन्ही घरी पोलीस गेले आणि परत आले.

मार्च महिना होता. सकाळचे पोहे खाऊन आम्ही जागेवर आलो होतो. पडद्यावर नववीतल्या एका विद्यार्थ्याची गप्पांमधली ओळ आली. कुणी तरी मांजरीचं चित्र पाठवलं होतं, त्यावर या विद्यार्थ्याने ‘आय ॲम डेड’ लिहून हसणारी कवटी काढली होती. मेले म्हणजे हसले. ‘काही नाही’कडे हात गेलाही होता.

नियमाने आम्ही फक्त प्रणालीने रंगवलेली ओळ वाचायची असते; त्या विद्यार्थ्याचा दिवसभराचा बाकी मजकूर तिच्याखाली असतो. पण तालुक्याच्या बातम्या वाचून वाचून मला मजकूर खालून वाचायची खोड होती. तालुक्याचा वार्ताहर सत्काराची दोन परिच्छेद बातमी देतो आणि शेवटच्या ओळीत लिहितो की कार्यक्रमात मंडप कोसळून चार जण जखमी झाले. म्हणून आधी तळाशी जायचं. मी गेलो. तिथे त्याच विद्यार्थ्याने त्याच रात्री लिहिलेलं एक टिपण होतं.

कुत्र्याला संध्याकाळी जेवण. अर्धी वाटी, जास्त मागितलं तरी देऊ नये. कोंबडीचं हाड देऊ नये. निळा स्वेटर मावसबहिणीचा आहे, तिला परत करावा. विज्ञानाचं पुस्तक ग्रंथालयाचं आहे. खिडकीची कडी अडकते, जोराने ओढावी.

एवढंच. धोक्याचा एकही शब्द नाही, म्हणून प्रणालीने ते उचललं नव्हतं. बोलीचा शब्दही नाही. दोन महिन्यांत शिकलेलं सगळं इथे कामाचं नव्हतं. वाक्यं पूर्ण होती, पूर्णविराम जागच्या जागी होते. गप्पांमध्ये हेच मूल एक पूर्णविराम देत नव्हतं.

मी शेजाऱ्याला म्हणालो, “हे बघ.”

त्याने चष्मा वर करून वाचलं. “यात काय हाय?”

“कुणासाठी लिहिलंय हे?”

“गावाले जात असन ना गा. माही बायको माहेरी जाते तं असंच सांगून जाते. दूध उतू जाऊ देऊ नोका, मांजर घरात घेऊ नोका. आता काय तिच्याकडं पोलीस पाठवू?”

“मार्चमध्ये कुठे जाईल? शाळा आहे.”

“तिकडच्या सुट्ट्या तुले काय मालूम? काहून डोक्याले ताप करून राहिला? दोन लाल हायेत तुले.”

तो बरोबर असू शकत होता. गावाला जाणारं मूलही हेच लिहील. दुसऱ्या ठिकाणाहून खात्री करायला दुसरं ठिकाणच नव्हतं. आमचे मोबाइल बाहेरच्या कपाटात कुलूपबंद होते, नाही तर मी मुलीला विचारलं असतं. तिला काय विचारलं असतं, तेही माहीत नाही. याच मुलाचे आधीचे हसण्याचे संदेश कोणी सोडून दिले, मी की आणखी कोणी, ते पडद्यावर दिसत नव्हतं.

‘पुन्हा पाहा’वर माझं बोट टेकलेलं होतं. ती जागा त्याच्या ओळखीची होती. मी बोट मुद्दाम उचललं, बाजूला नेलं आणि ‘कळवा’ दाबलं.

“गेला बाप्पा हा,” शेजारी म्हणाला. मग थोड्या वेळाने खुर्ची सरकवून, हळू आवाजात, “खिडकीची कडी काहून लिहिली असन गा त्यानं?”

मी पुढची ओळ उघडली. त्या सकाळी ‘काही नाही’ दाबायचा त्याचा वेग मंदावला.

नंतरचे दिवस वाट पाहण्याचे होते. आमच्याकडे पद्धत अशी की इशारा खरा ठरला तर आम्हाला काहीच कळवत नाहीत, शाळेची ती खाजगी बाब. खोटा ठरला तर शनिवारी पर्यवेक्षिका सगळ्यांसमोर सांगते. म्हणजे लाल आला तर मूल सुखरूप. नाही आला तर पोलिसांना तिथे काही तरी सापडलं. काय सापडलं, वेळेत सापडलं का, हे कधीच कळणार नाही. शनिवार आला. तिने इतरांचे दोन लाल सांगितले आणि माझ्याकडे बघून हसली. “सर, तुमचं काही नाही.”

ती आनंदाची बातमी देत होती. मी जिन्यात जाऊन बसलो.

घरी मुलगी दार लावून अभ्यास करत असे. त्या आठवड्यात मी तिला दार उघडं ठेवायला सांगितलं. तिने कारण विचारलं. मी म्हणालो, गरम होतं. तिने कपाळाला आठ्या घातल्या, पण दार उघडं ठेवलं. तिच्या टेबलावरच्या चिठ्ठ्या मी ती अंघोळीला गेल्यावर वाचल्या. रसायनशास्त्राची सूत्रं होती.

पुढच्या आठवड्यात पर्यवेक्षिकेने मला एकट्याला बोलावलं.

“सर, वाईट वाटतंय सांगायला. तुमचा तो इशारा शाळेने खोटा ठरवलाय. उशिरा कळवलं त्यांनी. तिसरा लाल झाला.”

“मूल?”

“ठीक आहे. पोलीस गेले तेव्हा आपल्या खोलीत होतं, जागं. आई-वडील झोपलेले. काही झालेलं नव्हतं.”

“गावाला जाणार होते का ते लोक?”

तिने पडदा बघितला. “तसं काही लिहिलेलं नाही.”

“मग टिपण कशासाठी होतं?”

“तेही नाही लिहिलेलं. घटना घडलेली नाही, एवढंच.” मग ती पुढे झुकली. “पण सर, अपील करता येतं. मजकूर जोडून लिहायचं की धोका खरा होता, पोलीस वेळेत पोहोचले म्हणून टळला. मला तर वाटतं मान्य होईल. मीही वाचलंय ते. लाल निघेल, काम राहील.”

तिने अपिलाचं पान उघडून कळफलक माझ्याकडे वळवला. पहिल्याच चौकटीत लिहायचं होतं: विद्यार्थ्याच्या जिवाला धोका होता असं आपण का मानता?

माझ्याकडे कारणं होती. कुत्रा, स्वेटर, कडी, पूर्णविराम. चार ओळींत ती बसली असती. ती वाचणाऱ्याला पटलीही असती. पण ती लिहायची म्हणजे त्या मुलाबद्दल जे खरं असू नये असं वाटत होतं, तेच स्वतःच्या हाताने सिद्ध करायचं. शाळा म्हणत होती काही नव्हतं. एका ठिकाणाहून का होईना, खात्री आली होती.

“नको,” मी म्हणालो. “लाल राहू द्या.”

“सर, नीट विचार करा. घरी बोला.”

“राहू द्या.”

तिने पान बंद केलं. मी जागेवरून डबा आणि चष्म्याचं घर उचललं. शेजारच्याने वर पाहिलं आणि विचारलं, “पोरगं?”

“ठीक आहे म्हणे.”

“म्हणे?”

“म्हणे.”

त्याच्या पडद्यावर एक ओळ थांबलेली होती. त्याने बटण दाबलं नव्हतं.